हॅरिएट टबमनचे माहेर

1840 च्या दशकाच्या मध्यावर केव्हातरी, अमेरिकेतल्या मेरिलँड राज्याच्या डॉर्चेस्टर काउंटीत, एका गुलाम तरुणीने वकिलाला पाच डॉलर दिले आणि आपल्या आईच्या पहिल्या मालकाचे मृत्युपत्र शोधून काढायला सांगितले. वकिलाने साठ वर्षांची दप्तरे चाळली, हाती काही लागले नाही, आणि आता पुरे असे त्याने तिला सुचवले. तिने त्याला आणखी मागे जायला लावले. पासष्ट वर्षे मागे गेल्यावर मृत्युपत्र सापडले आणि त्यात तिच्या आईचा उल्लेख निघाला. हा प्रसंग तिने स्वतः पुढे आपल्या चरित्रलेखिकेला सांगितला. त्यातले वर्षांचे आकडे आठवणीतून आलेले असल्यामुळे काटेकोर धरता येत नाहीत, कारण ते मृत्युपत्र 1791 सालचे, म्हणजे त्या वेळी पंचावन्न वर्षांच्या आतबाहेरचे होते. पण मृत्युपत्र खरोखरच होते, आणि त्यातली मुख्य अटही तिने सांगितली तीच होती.

ती तरुणी म्हणजे हॅरिएट टबमन. गुलामगिरीतून निसटल्यावर सुमारे तेरा फेऱ्यांत सत्तरएक माणसांना तिने सोडवून आणले, यादवी युद्धात हेरगिरी केली, आणि या पराक्रमावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला गेले काही महिने ओढ लागली आहे ती तिच्या माहेराची: आई कोण, आजी कोण, भावंडे किती, आणि हे सगळे आपल्याला कळले कसे. आपल्या घराण्याचा शोध घेणारी पहिली व्यक्ती तीच होती, आणि तिला लिहिता-वाचता येत नव्हते, ही गोष्ट या साऱ्या शोधाच्या मुळाशी आहे असे मला वाटते.

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन स्त्रीचा माग काढणे एरवीही सोपे नसते. लग्नानंतर आडनाव बदलते, वर्तमानपत्रात ती नवऱ्याच्या नावापुढे ‘मिसेस’ लावून येते, आणि 1850 पूर्वीच्या राष्ट्रीय खानेसुमारीत कुटुंबप्रमुखाखेरीज कोणाचेच नाव नसल्यामुळे बायका-मुली केवळ वयोगटाच्या रकान्यातला एक आकडा होऊन राहतात. गुलाम स्त्रीच्या बाबतीत तेवढेही मिळत नाही. 1850 आणि 1860 मध्ये गुलामांसाठी वेगळे तक्ते होते. त्यात मालकाचे नाव, आणि त्याखाली वय, लिंग, वर्ण. नावाचा रकानाच नव्हता. दक्षिणेतली गुलामगिरीतून सुटलेली सर्व माणसे नावानिशी दिसतात ती 1870 च्या खानेसुमारीत, म्हणून त्या वर्षाच्या पलीकडे जाताना बहुतेकांचा शोध अडतो.

तरीही एका बाबतीत गुलाम कुटुंबाचे कागद उलट्या बाजूने बोलके असतात. मूल गुलाम की मुक्त हे कायद्याने आईवरून ठरत असे, बापावरून नव्हे. आई ज्याची, मूल त्याचे. त्यामुळे स्वतंत्र घराण्यांच्या वंशावळीत जिचे नाव हमखास गळते, ती आईच येथे मालकाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते आणि कागदावर टिकते, तर बापाचा उल्लेख करण्याचे कोणालाच कारण नसते. ज्या कायद्याने माणसाला मालमत्ता केले त्याच कायद्याने मातृवंश लिहून ठेवला, हे वाचताना अंगावर येते, पण संशोधकाला त्याचाच आधार घ्यावा लागतो.

ते मृत्युपत्र ॲथो पॅटिसन या जमीनदाराचे. तो 1797 मध्ये वारला. आपली नात मेरी पॅटिसन हिला त्याने एक कृष्णवर्णीय मुलगी ठेवली, जिचे नाव तेथे रिट्टिया असे लिहिलेले आहे. ती आणि तिला पुढे होणारी मुले पंचेचाळीस वर्षांची होईपर्यंत मेरीची राहतील, असे त्यात म्हटले आहे. ही रिट्टिया म्हणजेच रिट, हॅरिएटची आई. पंचेचाळिशीनंतर काय, याबद्दल मृत्युपत्र गप्प आहे. रिटच्या घरात त्याचा अर्थ ‘मुक्त’ असा धरला गेला, आणि तो धरण्यात काही वावगे नव्हते, कारण मुदतीनंतर सुटका देण्याची प्रथा त्या भागात होतीच. रिटचा जन्म 1785 ते 1787 च्या दरम्यानचा मानतात, म्हणजे ती मुदत 1830 नंतर एकदोन वर्षांतच संपली. तिला कोणी काही सांगितले नाही. वकिलाला पाच डॉलर देणाऱ्या मुलीला हे कळले तेव्हा आई आणखी दहाबारा वर्षे राबून झाली होती.

रिटच्या आईचे नाव मॉडेस्टी. ती आफ्रिकेतून गुलामांच्या जहाजाने आली आणि पॅटिसनांकडे होती. आपण पश्चिम आफ्रिकेतल्या असांटे वंशाच्या आहोत असे आपल्याला सांगितले गेले, असे हॅरिएट म्हातारपणी म्हणत असे. याला कागदाचा दुजोरा नाही, पण घरात पिढीजात चालत आलेल्या अशा गोष्टीला मी कागद नाही म्हणून बाद करणार नाही. मृत्युपत्राच्या बाबतीत घरातली आठवणच संशोधकांच्या आधी पोचलेली होती.

मेरी पॅटिसनने 1800 मध्ये जोसेफ ब्रोडेस याच्याशी लग्न केले, त्यांना एडवर्ड हा मुलगा झाला, आणि थोड्याच दिवसांत जोसेफ वारला. मेरीने दुसरे लग्न अँथनी थॉम्प्सनशी केले. रिट मेरीबरोबर थॉम्प्सनच्या शेतावर गेली, आणि तेथे थॉम्प्सनच्या मालकीचा बेन रॉस हा लाकूडकामात वाकबगार असलेला माणूस तिला भेटला. 1808 च्या सुमारास त्यांचे लग्न झाले. म्हणजे दोन मालकांच्या मालमत्ता एका लग्नाने जवळ आल्या आणि त्या लग्नामुळेच बेन आणि रिट यांची गाठ पडली. मेरीही लवकरच वारली, आणि लहानग्या एडवर्डचा पालक म्हणून थॉम्प्सनकडे त्याच्या मालमत्तेचा, म्हणजे रिट आणि तिच्या मुलांचाही, हिशोब ठेवण्याची जबाबदारी आली.

या हिशोबांत सगळ्यात मोलाची नोंद दोन डॉलरची आहे. 15 मार्च 1822 रोजी रिटच्या बाळंतपणासाठी सुईणीला दोन डॉलर दिले, एवढेच त्यात आहे. बाळाचे नाव नाही, मुलगा की मुलगी तेही नाही. पालकाने पदरचे पैसे खर्च केले की ते पुढे सज्ञान वारसाकडून वसूल करायचे असतात, म्हणून ही नोंद झाली. कोणाचा जन्म लक्षात राहावा म्हणून नव्हे. एडवर्डचा जन्म 1801 चा, तेव्हा 1822 मध्येच तो एकवीस वर्षांचा झाला आणि पालकत्व संपले. बाळ वर्षभर उशिरा जन्मले असते तर ते दोन डॉलर या हिशोबात आलेच नसते.

ही नोंद हॅरिएटच्याच जन्माची कशावरून? भावंडांची वये इतर कागदांवरून साधारण ठरवली की त्या जागी दुसरे कोणी बसत नाही. आणि 27 वर्षांनंतरच्या एका जाहिरातीशी ती नेमकी जुळते. 3 ऑक्टोबर 1849 ही तारीख असलेली ती जाहिरात एलायझा ॲन ब्रोडेस हिने, म्हणजे एडवर्डच्या विधवेने, दिली होती. आदल्या महिन्याच्या 17 तारखेला, सोमवारी, तिघे पळून गेले: हॅरी, वय सुमारे 19, बेन, वय सुमारे 25, आणि मिंटी, वय सुमारे 27, तांबूस तपकिरी वर्णाची, दिसायला चांगली, सुमारे पाच फूट उंच. राज्याबाहेर पकडल्यास प्रत्येकी शंभर डॉलर, राज्यात पकडल्यास पन्नास. मिंटी हे ॲरामिंटाचे लाडके रूप. ॲरामिंटा रॉस हे हॅरिएटचे जन्मनाव. हॅरी, म्हणजे हेन्री, आणि बेन हे तिचे भाऊ. या जाहिरातीची प्रत 2003 मध्ये डॉर्चेस्टर काउंटीतच, टाकून दिलेल्या सामानाच्या कचरापेटीत सापडली. 1849 मधून 27 वजा केले की 1822 उरतात.

याच्या शेजारी तिच्या वयाबद्दलचे अधिकृत म्हणावेत असे इतर कागद ठेवून पाहा. मृत्यूच्या दाखल्यावरून जन्म 1815 चा ठरतो. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्नच्या फोर्ट हिल दफनभूमीतल्या तिच्या दगडावरून 1820. निवृत्तिवेतनाच्या कागदांत तिने स्वतःच निरनिराळ्या वेळी निरनिराळे सांगितले, कधी 1820, कधी 1825. जिला कोणी जन्मतारीख सांगितलीच नाही तिने दर वेळी अंदाज करावा यात नवल नाही. दगडावर कोरलेले असले की आपण डोळे मिटून मानतो, पण दगड मृत्यूनंतरचा असतो आणि सांगणारा जन्माच्या वेळी तेथे नसतो. सुईणीचे दोन डॉलर त्याच आठवड्यात कोणाच्या तरी खिशातून गेले होते. मी हिशोबावर विश्वास ठेवीन.

एडवर्ड सज्ञान झाल्यावर रिट आणि मुले त्याच्याबरोबर बकटाउनजवळच्या शेतावर गेली. बेन थॉम्प्सनकडेच राहिला. रिटची एकूण नऊ मुले आता नावानिशी माहीत आहेत: लिना, मरायाह रिटी, सोफ, रॉबर्ट, मिंटी, बेन, रेचेल, हेन्री आणि मोझेस. थोरल्या तिघी बहिणी राज्याबाहेर विकल्या गेल्या. मुदतीपुरते गुलाम असलेल्यांना राज्याबाहेर विकायला मेरिलँडच्या कायद्याची मनाई होती आणि पॅटिसनच्या मृत्युपत्रात मुलांनाही पंचेचाळिशीची मुदत होती, पण विकणाऱ्याला ते आठवले नाही, किंवा आठवायचे नव्हते. त्या तिघी पुढे घरच्यांना कधीच भेटल्या नाहीत. धाकट्या मोझेसची गोष्ट मात्र वेगळी घडली. जॉर्जियाच्या एका व्यापाऱ्याशी त्याचा सौदा ठरल्याचे कळताच रिटने त्याला जंगलात आणि शेजारच्या गुलामांच्या खोपटांत लपवून ठेवले, आणि मालक घरापर्यंत आला तेव्हा जो पहिला आत पाऊल टाकेल त्याचे डोके फोडीन असे तिने सांगितले. सौदा मोडला. ही हकीकत कुठल्याही मालकाच्या वहीत असणे शक्य नव्हते; 1863 मध्ये कॅनडात चौकशी आयोगापुढे तिच्या मुलाने, हेन्रीने, ती सांगितली म्हणून उरली.

नऊ नावांची ही यादी जुळवता आली त्याला गोऱ्या नातलगांमधल्या भांडणाचीही मदत झाली. 1849 मध्ये एडवर्ड ब्रोडेस वारल्यावर पॅटिसन घराण्यातल्या एका वारसाने एलायझावर दावा लावला. त्याचे म्हणणे असे, की ॲथोने नातीला रिट आणि तिची मुले पंचेचाळिशीपर्यंतच दिली होती, तेव्हा त्यानंतरची मालकी परत पॅटिसनांच्या इस्टेटीकडे येते. एकाच वाक्याचा रिटच्या मुलीने ‘आई सुटली’ असा अर्थ लावला आणि पॅटिसनांनी ‘आई आमची’ असा. दावा चालला, साक्षी झाल्या, आणि साक्षींत रिटची मुले कोण, कोणाला केव्हा विकले, असले तपशील आले. 1852 मध्ये डॉर्चेस्टरचे न्यायालय जळाले आणि पुष्कळ दप्तर खाक झाले, हे लक्षात घेतले तर जे वाचले त्याची किंमत कळते. मेरिलँडच्या राज्य अभिलेखागारात असे कागद पाहायला मिळतात, आणि घराण्याचा शोध घेणाऱ्याला माझा एकच आग्रह असेल: जन्म-मृत्यूच्या नोंदींआधी भाऊबंदकीचे दावे वाचावेत. प्रेमाने राहणारी घराणी कागद मागे ठेवत नाहीत.

बापाची बाजू कळते तीही मृत्युपत्रातूनच. अँथनी थॉम्प्सन 1836 मध्ये वारला. बेनला 1840 मध्ये मुक्त करावे, दहा एकर जमीन हयातीपुरती वापरू द्यावी आणि तेथले लाकूड तोडू द्यावे, असे त्याने लिहून ठेवले होते. ते पाळले गेले. 1855 मध्ये बेनने एलायझाला वीस डॉलर देऊन आपल्या बायकोला विकत घेतले. सत्तरीच्या आसपासची, दावे लागलेली स्त्री म्हणून किंमत इतकी कमी असावी. आणि मृत्युपत्राचा साधा अर्थ लावला तर हे पैसेही द्यायला नको होते. ती दहा एकर जमीन नेमकी कोठे, हे शोधायला मेरिलँडच्या महामार्ग खात्याचे पुरातत्त्वज्ञ ब्लॅकवॉटर अभयारण्याच्या दलदलीत उतरले. त्यांना आधी 1808 चे एक नाणे सापडले, ज्यावर लिबर्टीचा, म्हणजे स्वातंत्र्यदेवतेचा, चेहरा आहे, आणि त्यानंतर विटा, खापऱ्या, फुटकी भांडी असे वस्तीचे अवशेष. बेनच्या घराची जागा सापडल्याचे एप्रिल 2021 मध्ये जाहीर झाले. नाण्याचे साल आणि बेन-रिटच्या लग्नाचे साल एकच यावे हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही.

निसटलेल्या भावंडांचा माग काढताना निराळीच अडचण येते, कारण पळून आलेला माणूस जुने नाव टाकून देतो. 1849 मध्ये बेन आणि हेन्री परत फिरले होते; 1854 च्या नाताळात हॅरिएटने रॉबर्टसह त्या दोघांनाही बाहेर काढले. 29 डिसेंबरला ते फिलाडेल्फियाला, पळून आलेल्या गुलामांना मदत करणाऱ्या विल्यम स्टिल याच्या कचेरीत पोचले, आणि तेथून पुढे ते जॉन, जेम्स आणि विल्यम हेन्री स्टुअर्ट झाले. कॅनडातल्या किंवा ऑबर्नच्या नोंदींत रॉस शोधत बसलेल्याला हे भाऊ कधीच सापडले नसते. स्टिलने मात्र जुने नाव, नवे नाव, मालक, वय आणि मागे राहिलेली माणसे हे सगळे लिहून ठेवले. असल्या नोंदी पकडल्या गेल्या तर जिवावर बेतणाऱ्या होत्या, तरी तो लिहीत राहिला, याला कारण होते. 1850 मध्ये अलाबामाहून सुटून आलेला एक माणूस आपल्या आईवडिलांचा शोध करत त्याच्यापुढे बसला होता, आणि माहिती विचारता विचारता विल्यमच्या ध्यानात आले की हा आपलाच भाऊ आहे, लहानपणी मागे राहिलेला पीटर. एकमेकांना ओळखण्याचा धागा कागदावर असला पाहिजे हे त्याला पटले ते तेव्हा. रेचेल मात्र त्याच्या वहीत कधीच आली नाही. मुलांना सोडून यायला ती तयार नव्हती. 1860 च्या अखेरीस हॅरिएट शेवटच्या फेरीला गेली तेव्हा बहीण वारल्याचे तिला कळले, आणि तिची दोन मुले सोडवायला लागणारे तीस डॉलर तिच्याजवळ नव्हते.

उत्तरायुष्याचा मोठा दस्तऐवज म्हणजे वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातले निवृत्तिवेतनाचे प्रकरण. हॅरिएटचा दुसरा नवरा नेल्सन डेव्हिस हा कृष्णवर्णीय पलटणीत लढलेला सैनिक. त्यांचे लग्न मार्च 1869 मध्ये ऑबर्नला झाले आणि 1888 मध्ये तो वारला. विधवा म्हणून वेतन मागायचे तर बरेच काही सिद्ध करावे लागे. नेल्सन सैन्यात नेल्सन चार्ल्स या नावाने होता, तेव्हा दोन्ही नावांचा माणूस एकच हे दाखवायचे. पहिला नवरा जॉन टबमन याच्याशी घटस्फोट झालेला नव्हता, तेव्हा 1867 मध्ये मेरिलँडमध्ये त्याचा खून झाला, म्हणजे दुसऱ्या लग्नाच्या आधीच तो मेला होता, हेही दाखवायचे. शेजारीपाजारी, जुने सैनिक, नातलग यांची शपथपत्रे जमली. तिने स्वतःच्या शपथपत्राखाली फुली मारली. 1895 मध्ये महिना आठ डॉलर मंजूर झाले आणि 1899 मध्ये काँग्रेसने ते वीस केले. सरकारने संशयाने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नामुळे तिच्या संसाराचा एकेक तपशील पक्का होत गेला.

एवढे सगळे जुळवल्यावरही एक मुलगी या वंशावळीत बसत नाही. यादवी युद्धाच्या सुमारास हॅरिएटने मेरिलँडहून आठनऊ वर्षांची मार्गारेट स्टुअर्ट ही मुलगी ऑबर्नला आणली, तिला आपली भाची म्हटले, आणि राजकारणी विल्यम सेवर्ड यांच्या घरी त्यांच्या पत्नीकडे वाढायला ठेवले. आपले आईवडील मुक्त होते, घर खाऊनपिऊन सुखी होते आणि आपल्याला एक जुळा भाऊ होता, असे मार्गारेटच्या मुलीने आईकडून ऐकलेले पुढे लिहून ठेवले. रिटच्या नऊही मुलांचा जन्म गुलामगिरीतला. मुलाचा दर्जा आईवरून ठरत असल्यामुळे एखाद्या भावाने मुक्त स्त्रीशी लग्न केले असते तर मुलगी मुक्त जन्मली असती, पण मग बाप मुक्त असल्याचे म्हणणे टिकत नाही. आणि बहीण आई असती तर मुलगी मुक्त जन्मलीच नसती. ती हॅरिएटचीच मुलगी होती असा तर्क काहींनी केला आहे, आणि आईबाप मुक्त असल्याची आठवण त्याच्याही आड येते, कारण मार्गारेटचा जन्म ज्या सुमारास झाला असावा तेव्हा हॅरिएट कायद्याच्या दृष्टीने एलायझा ब्रोडेसची मालमत्ता होती.